दोरीला बांधलेला कंदील

आत्तीच्या घरात शिरताना चप्पल काढायला वाकले आणि वर बघते तर समोरच्या भिंतीवर आण्णा. म्हणजे आमचे आजोबा. सोनेरी पट्टीची, लॅमिनेशन केलेली फ्रेम, चंदनाच्या सालींचा हार, कपाळावर गंधाचा टिपका. खालच्या फळीवर उदबत्तीचं घर आणि त्यात वाकून राहिलेली राखेची काडी, म्हणजे रोज लागत असणार. "बारक्यानं करून आणली फ्रेम. बरी हाय न्हवं?" आत्ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत म्हणाली. मी "छान आहे" म्हणाले, तांब्या तोंडाला लावला आणि घोट काही घशाखाली उतरेना.

तो फोटो नव्हता.

ते चित्र मी केलं होतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या स्टुडिओत, लग्नाचे अल्बम जिथं करते त्याच कॉम्प्युटरवर, ओळीनं चार रात्री बसून. भिंतीवरच्या त्या माणसाचा एक आकडा आहे, माझ्या वहीत निळ्या पेननं लिहिलेला. त्याला सीड म्हणतात. एआयचं चित्र ज्या विस्कटलेल्या ठिपक्यांपासून सुरू होतं, ते ठिपके कसे पडायचे हे तो आकडा ठरवतो. तोच आकडा दिला आणि बाकीही सगळं जसंच्या तसं ठेवलं, तर तोच माणूस पुन्हा येतो, शर्टाच्या चुणीसकट. आणि कसं चित्र हवं ते सांगणारे शब्द थोडे बदलले तर? मी एकदा हळदीच्या जागी सफरचंद लिहून पाहिलं होतं. तोच माणूस आला. मान तशीच डावीकडे कललेली, उजवा हात तसाच पुढं आलेला, फक्त पाठीमागे सफरचंदाच्या पेट्या. त्या माणसाला आता रोज उदबत्ती लागत होती, आणि हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

खरा फोटो होता आमच्याकडे. तो माझ्याच हातून गेला. २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी इकडच्या माणसांना सांगायला नको. आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी म्हणायची, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली. गावभागातलं आमचं घर तळमजल्याचं. पाणी ओसरल्यावर बाबा आणि मी दार ढकलत होतो तर ते आतून गाळानं धरून ठेवलेलं. शेवटी खिडकीतून आत शिरलो. भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास, त्यात रॉकेल, त्यात गटार. पुढं कितीतरी महिने पोळी भाजताना मला मधेच तो वास यायचा. भिंतीवरच्या फ्रेमा पाण्याखाली पाच-सहा दिवस होत्या. त्यातली एक आण्णांची. ते एकटे नव्हते त्यात. हरिपूरच्या पेवांवरचे, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांवरचे, चौघे हमाल ओळीनं उभे, पुढं हळकुंडांची रास, पायाशी पेवाचं काळं तोंड. कुणा अडत्यानं हौसेनं फोटोग्राफर बोलावला असेल. आण्णांचा एवढा एकच फोटो.

फोटो काचेला चिकटला होता. माझा धंदाच फोटोचा. चिकटलेला फोटो काचेसकट स्वच्छ पाण्यात ठेवायचा, आपणहून सुटू द्यायचा, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी घरात स्वच्छ पाणीच नव्हतं. बाहेर टँकरची रांग, बाबा चिखलात उकिडवे बसलेले, आणि मला काहीतरी एक तरी वाचवल्याचं त्यांना दाखवायचं होतं. मी कोपरा धरला आणि ओढला. ओल्या पापडाची लाटी पोळपाटावरून ओरबाडावी तसा बारीक आवाज झाला. हातात आला तो डावा खांदा, कोपरापर्यंतचा हात, पटक्याचा शेव आणि खाली पेवाच्या तोंडाची काळी कमान. चेहरा काचेवर राहिला, काळपट साय धरावी तसा. मी काच उजेडात धरली तर ती साय ओघळली. बाबा बघत होते. "असू दे," एवढंच म्हणाले. पुढं २०२१ साली ते गेले, आणि त्या फोटोबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही.

त्या तुकड्याचा स्कॅन माझ्या कॉम्प्युटरवर पडून होता. स्टेबल डिफ्युजन, म्हणजे लिहिलेल्या शब्दांवरून चित्र काढणारं एआय, ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. माझ्याकडे ते आलं वर्षभरानं, अल्बमसाठी धुक्यातले डोंगर, फुलांच्या कमानी असलं काहीबाही करायला. लोक म्हणतात एक ओळ लिहायची की चित्र तयार. तसं होतंही, काहीही चालणार असेल तर. ठरावीक एक गोष्ट हवी असली की मात्र आकड्यांशी झुंजावं लागतं. किती पायऱ्यांत चित्र साफ करायचं, कुठल्या शब्दावर किती भार द्यायचा, काय नको म्हणायचं. शब्दाला कंस घालून पुढं १.३ लिहिलं की त्याचं वजन वाढतं, ०.७ लिहिलं की उतरतं. वाक्य फार लांबवलं तरी चालत नाही. जुन्या मॉडेलला एका दमात शब्दांचे ७५ च तुकडे वाचता येतात, आणि आपला एखादा साधा शब्द त्यातले तीन-चार सहज खातो.

पहिल्या रात्री मी इंग्रजीत लिहिलं: हळदीच्या राशीशेजारी उभा असलेला मराठी हमाल. हळद आली ती वाटीत. लाकडी चमचा, शेजारी दालचिनीच्या दोन काड्या, पांढरंशुभ्र टेबल. पोती म्हटलं तर पोत्यात पिवळी पूड भरून आली. हळकुंड त्या यंत्राला ठाऊकच नव्हतं. रागही आला, पण कारण शोधायला गेले तेव्हा समजलं की त्याचा तरी काय दोष. लायन नावाच्या ज्या साठ्यातून ते शिकलं, त्यात ५८५ कोटी चित्रं, प्रत्येकासोबत इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेली एखादी ओळ. त्यातल्या २३२ कोटी ओळी इंग्रजी, आणि याचं शिक्षण मुख्यतः त्या इंग्रजी भागातलं. जगात हळदीच्या चित्राखाली ओळ कोण लिहितं? मसाले विकणारा, पाककृती लिहिणारा. सांगलीच्या मार्केट यार्डात ज्या हळकुंडांच्या राशींवर बोली लागते, त्यांच्यापाशी उभं राहून चित्राखाली ओळ लिहायला कोण बसलंय? आणि पेव? पेवाला मी इंग्रजीत काय म्हणू? जमिनीतला खड्डा म्हटलं तर खाण आली. भूमिगत कोठार म्हटलं तर पिंपांनी भरलेलं दगडी तळघर. विहीर म्हटलं तर रहाट आला. वीस-पंचवीस फूट खोल, माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड आणि आत घागरीसारखं पोट, त्यात पोती न वापरता सुटी ओतलेली हळद, वर्षानुवर्षं कीड न लागता राहणारी. हे सगळं सांगेपर्यंत माझे ७५ तुकडे संपून जायचे आणि आण्णांना जागाच उरायची नाही. देवनागरीत नुसतं 'पेव' लिहून पाहिलं, तर कळसासारखं काहीतरी उगवून आलं.

सगळ्यात दमवलं ते कंदिलानं.

बाबा सांगायचे, आण्णा कंदील घेऊन पेवात उतरायचे. लहानपणापासून मी ते वाक्य ऐकलेलं, म्हणून कंदील हवाच होता. कंदील लिहिला की रात्र व्हायची. दरवेळी. आकाश निळंकाळं, चेहऱ्यावर पिवळी झाक, मागचं सगळं अंधारात. 'भर दुपार' लिहिलं, त्याला कंस घातले, १.४ चं वजन दिलं, तरी फार तर संध्याकाळ. कंदील आणि रात्र हे शब्द त्या कोट्यवधी ओळींत इतक्या वेळा शेजारी बसलेत की एकाला बोलावलं की दुसरा मागोमाग येतोच. मग निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या रकान्यात 'रात्र' लिहिलं. दुपार झाली, पण कंदीलही गेला. त्या रकान्यात माझी यादी वाढत चालली होती: रात्र नको, वाटी नको, चमचा नको, राजस्थानी पगडी नको, उंट नको (उंट खरंच आला होता), झुपकेदार मिशा नकोत, सहा बोटं नकोत, कॅमेऱ्याकडे बघून हसू नको. हवं त्याच्या तिप्पट नको. तिसऱ्या रात्री ती यादी वर-खाली करून बघताना जाणवलं की आण्णा कसे नव्हते हे मला पुष्कळ सांगता येतंय. कसे होते हे एक ओळभरसुद्धा नाही.

तिथंच गायडन्स नावाचा आकडा असतो. चित्र साफ करताना यंत्र प्रत्येक पायरीला दोन अंदाज बांधतं, एक आपली ओळ वाचून आणि एक काहीच न वाचता. त्या दोहोंत पडणारा फरक किती पट ताणायचा, ते हा आकडा सांगतो. नकोची यादी दिली की ती त्या 'काहीच न वाचता'च्या जागी जाऊन बसते, म्हणजे यंत्र आपल्या नकोपासून लांब पळायला लागतं. बहुतेक जण हा आकडा ७ च्या आसपास ठेवतात. मी ३ वर नेला तर चित्र मऊ, श्वास घेतल्यासारखं झालं, पण त्यात आण्णांऐवजी कुणी तरी झाडाखाली बसलेलं. १५ वर नेला तर लिहिलेलं सगळं आलं, एकूण एक, आणि सगळंच भाजल्यासारखं. हळद शेंदरी, सुरकुत्या छिन्नीनं कोरलेल्या, पटक्याचा पांढरा रंग डोळ्यांत खुपणारा.

तो आकडा पुढं-मागं करत असताना मला मिरज आठवली. शाळेत असताना मी गाणं शिकायचे. बाईंचा तंबोरा बोलेनासा झाला म्हणून एका रविवारी आम्ही दोघी तो खोळीत घालून एसटीनं सतारमेकर गल्लीत नेला. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून बाई सगळा रस्ता तो लेकरासारखा मांडीवर धरून. दुकानातले आजोबा खाली मांडी घालून बसलेले, आसपास भोपळे उलटे मांडून ठेवलेले, खोलीभर लाखेचा आणि ताज्या रंध्याच्या भुश्शाचा वास. त्यांनी घोडीवर तारेखाली एक साधा सुती दोरा घातला आणि बोटाच्या टोकानं सरकवू लागले. थोडा पुढं गेला, तार बद्द. थोडा मागं, तार कोरडी, टणटण. पुन्हा पुढं, तांदळाच्या दाण्याएवढा. आणि एका जागी ती तार अशी काही खुलली की तिच्यातून आणखी चार सूर निघून खोलीत फिरायला लागले. आजोबांनी हात काढून घेतला. "लागली जवारी," म्हणाले. बाईंचे डोळे मिटलेले. मी किती वेळ त्या दोऱ्याकडे बघत बसले होते. थांबायचं कुठं ते त्या माणसाच्या कानात आधीपासून होतं, दोरा फक्त तिथवर जाऊन पोचला. विश्रामबागेत रात्री दीड वाजता माझ्याकडे दोरा होता, दशांशापर्यंत सरकवता येणारा. ६.५, ७, ७.५. पण कुठल्या आण्णांपाशी थांबायचं ते माझ्यात कुठंच नव्हतं. माझ्या जन्माआधी ते गेलेले.

चौथ्या रात्री शब्दांवरचा भरवसा सोडला आणि तो उरलेला तुकडाच यंत्राला दिला. चित्रावरून चित्र करताना आणखी एक आकडा लागतो, शून्य ते एक. मूळ चित्र ठिपक्यांत किती बुडवायचं आणि बुडालेलं किती नव्यानं काढायचं, हे तो ठरवतो. ०.२ ला ठेवलं तर पुराचे डागच स्वच्छ होऊन आले, गाळाची नक्षी झाली. ०.८ ला खांदाही गेला, कुणी परकाच तरणा मुलगा. मी एकेक शतांश वाढवत गेले. ०.४५ ला पटक्याचा शेव पुरा झाला. ०.५५ ला काचेवर राहून गेलेल्या जागी सावली धरायला लागली. प्रत्येक वेळी तो आकडा वाढवताना छातीत धस्स व्हायचं, कारण प्रत्येक शतांशागणिक उरलेल्या खऱ्यातलं थोडं मीच पुन्हा पाण्यात सोडत होते. ०.६ ला तो आला. मान किंचित डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले, ऊन लागल्यासारखे. हातात कंदील, पेटलेला, आणि तरीही दुपार. खांदा मात्र आण्णांचाच वाटावा असा, फोटोतल्यासारखा. मी खुर्चीत मागं रेलले आणि रडले. तो चेहरा खरा आहे म्हणून नाही. चेहऱ्याच्या जागी काहीतरी आहे म्हणून.

मग पहाटे मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं, आणि चूक झाली ती तिथं. खाली काहीच लिहिलं नाही. हे असं-असं केलंय, हा चेहरा माझ्या मनचा आहे, एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं. दिवसभर चित्रांखाली लोकांनी काय लिहिलं नाही याची तक्रार करणारी मी, स्वतःच्या चित्राखालची ओळ गाळून बसले. सकाळी उठून पाहिलं तर जोडलेल्या हातांची रांग. 'साक्षात आण्णा.' 'पुरातून वाचला वाटतं फोटो.' काकांनी तर फोन केला आणि बोलता बोलता गप्प झाले. त्यानंतर खरं सांगायचं म्हणजे त्यांच्या हातून पुन्हा एकदा ओढून काढायचं. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची फ्रेम झाली, तिला हार चढला.

तर त्या दिवशी हरिपुरात, तांब्या खाली ठेवून, मी आत्तीला सांगून टाकलं. पाणी, काच, माझा हात, सगळं. कॉम्प्युटरचं कितपत कळलं कोण जाणे. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"आण्णा गेलं तवा मी नऊ वर्सांची. त्येंचं त्वांड मला तरी कुटं आठवतंय? डोळं मिटलं की पटका दिसतोय आन हात. त्वांडाच्या जागी नुसतं ऊन."

"मग हार का घातलास?"

"हार कुणाला तरी घालाय लागतोय की गं."

शेंगांचा पाला बाजूला सारून ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि फ्रेमेपाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता चेहऱ्याबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "ह्यो कंदील तेवढा चुकलाय." दिवसाढवळ्या कुणी हातात पेटता कंदील धरून उभं राहतं का? पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आत वारा नसतो, माणूस गुदमरून जातो. तोंड उघडून काही तास तसंच सोडायचं. मग कंदील पेटवायचा, दोरीला बांधायचा आणि हळूहळू आत सोडायचा. विझला तर आज उतरायचं नाही. तळापर्यंत तेवत राहिला तर मग माणूस. आत्ती भाकरी घेऊन जायची तेव्हा काठावर बसून तिनं हे कितीदा पाहिलेलं. "आण्णा दोरी सोडायचं तवा कुणी बोलायचं न्हाई. समदी खाली बगत ऱ्हायची."

बाबांचं वाक्य आठवलं. आण्णा कंदील घेऊन पेवात उतरायचे. बाबा आत्तीपेक्षा तीन वर्षांनी लहान, त्यांनीही ते ऐकलेलंच असणार. कुठंतरी मधल्या मध्ये दोरी गळाली होती. मी चार रात्री यंत्राला दोष देत होते, आणि त्यानं बिचाऱ्यानं मी लिहिलं होतं अगदी तेच काढलं होतं.

घरी येऊन मी दुरुस्त करायला बसले. फक्त हाताची जागा पुसून तेवढंच नव्यानं काढता येतं. कंदील काढला तर हातात काठी आली. मग बादली. मग साप वाटेल अशी काहीतरी दोरी, जी हातातून निघून हवेतच संपत होती. खाली पेवाच्या काळ्या कमानीपर्यंत ती एकदाही पोचली नाही. विसाव्या-पंचविसाव्या खेपेला मी कॉम्प्युटर बंद केला.

पुढच्या रविवारी परत हरिपुरात गेले. संगमावर पाय धुऊन वर आले तर आत्ती सोप्यात बसलेली, फ्रेम भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलेली, हार बाजूला काढून ठेवलेला. नातवाचा बॉलपेन तिच्या हातात. मला बघून म्हणाली, "हितनं," आणि पेनाचं टोक आण्णांच्या मुठीवर टेकवलं. मग सावकाश खाली ओढत आणलं, धोतरावरून, हळदीच्या राशीच्या कडेनं, पेवाच्या तोंडापर्यंत, तोंडातून आत, फ्रेमची पट्टी लागेपर्यंत. लॅमिनेशनवर शाई धरली नाही. तिनं पुन्हा त्याच वाटेनं पेन ओढला, जोर देऊन. मग फ्रेम माझ्या हातात दिली. समोरून काही दिसत नव्हतं. दाराकडे तिरकी धरली तेव्हा उजेडात एक बारीक खाच चमकली, मुठीतून निघून सरळ खाली गेलेली.